चौसष्ट किलोंची चाहूल

"माझे यजमान रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी येतात," बाई म्हणाल्या. "अकरा मिनिटं थांबतात आणि जातात. त्यांना जाऊन आज बारा दिवस झाले."

पिंप्याने तोंडाशी नेलेला चहा तसाच खाली ठेवला. असं फारसं घडत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

"येतात म्हणजे दिसतात?" मापारीणबाईंनी विचारलं.

"दिसत नाहीत. भरतात. चौसष्ट किलो. जिवंतपणी तेवढेच भरायचे."

मापारीणबाईंचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते कुणी वाचत नाही. तीस वर्षं त्या वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या. त्या बाजारात शिरल्या की काट्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं पटापट खिशात जायची. निवृत्तीनंतर त्यांनी खासगी तपासाची कामं घ्यायला सुरुवात केली, कारण घरी बसून त्यांना भाजीचं वजन करण्याखेरीज काही सुचेना. पिंप्या हा त्यांचा धाकटा भाऊ. देह नावाप्रमाणे. भावाला कुठे नोकरी मिळेना म्हणून बहिणीने त्याला हाताशी घेतलं, की बहिणीला दुसरा मदतनीस टिकेना म्हणून भावाला धरलं, यावर दोघांचं अजून एकमत नाही. भुतांवर त्याचा पूर्ण विश्वास आहे आणि तो ते लपवत नाही.

"पहिल्यापासून सांगा," मापारीणबाई म्हणाल्या.

बाईंचे यजमान पदार्थविज्ञानाच्या एका संशोधन संस्थेत प्रमुख होते. तिथे सगळे त्यांना 'सर' म्हणत. संस्थेच्या तळघरात एक यंत्र आहे. केसाहून बारीक तारेला आडवी दांडी टांगलेली, दांडीच्या टोकांना दोन गोळे. जवळ काहीही जड आलं की दांडी कणभर त्याच्याकडे वळते. पृथ्वी आपल्याला ओढते तशी प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला ओढते, आणि ती ओढ नेमकी किती हे त्या यंत्राने मोजायचं. तिथली माणसं त्याला नुसतं 'काटा' म्हणतात. सरांनी त्या काट्यापाशी सत्तावीस वर्षं घालवली.

"माणूस जवळ गेला तरी काट्याला कळतं?"

"कळतं. माणूस कुठे उभा आहे हे माहीत असलं तर त्याचं वजनसुद्धा सांगता येतं."

"आणि सर गेले कसे?"

"काट्याच्या खोलीत भिंतीवर फोन आहे. मोबाइल खाली चालत नाही. रोज चार दहाला हे तिथून मला घरी फोन करायचे. शेवटची मोजणी चालू होती ते वीस दिवस आत कुणीच जायचं नव्हतं, तेव्हा वरून करायचे. मोजणी संपली त्या दुपारी पुन्हा खालून केला. म्हणाले, 'माझ्या आकड्यांना कुणीतरी कात्री लावलीय. मागच्या मोजणीपासून लावतंय. आज पाकीट उघडलं की सगळं बाहेर येईल.' मग म्हणाले, 'जरा गरगरतंय.' त्यानंतर काहीच नाही. फोन हातातून सुटला होता. तो भिंतीवर टक् टक् आपटत होता. मी बराच वेळ ऐकत बसले होते."

यंत्र थंड ठेवायला शेजारच्या पंपघरातून द्रव नायट्रोजनची नळी येते. तिथला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा सापडला, खोलीतली हवा बदलणारा पंखा बंद सापडला. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो भरला की माणसाला कळायच्या आत माणूस पडतो. पंखा आणि व्हॉल्व्ह, दोन्ही पानाकाकांच्या ताब्यात. पानाकाका म्हणजे तिथले जुने तंत्रज्ञ, खिशात कायम एक पाना.

"आज पाच वाजता चौकशी समिती बसतेय," बाई म्हणाल्या. "पानाकाकांवर ठपका ठेवून त्यांना पोलिसांच्या हवाली करणार. सव्वीस वर्षांत या माणसाने एक नट ढिला सोडला नाही, हे सर सांगायचे. मला दोन गोष्टी सांगा. यांना पानाकाकांच्या चुकीने मरण आलं का. आणि रोज खाली येतंय ते हेच आहेत का."

"दुसऱ्याचं उत्तर आवडलं नाही तर?"

"तरी द्या. गेले नऊ दिवस मी रोज तिथे जाऊन बसते. काही सांगायचं असेल त्यांना. जिवंतपणी कोरडा ठाक माणूस. मागच्या वर्षी माझ्या गाठीचा रिपोर्ट आला. गाठ साधी निघाली. मी रडत रडत फोनवर सांगितलं, तर हे काय म्हणाले? 'बरं झालं. येताना जिन्यातला बल्ब आणतो.' बल्ब. चौतीस वर्षांच्या संसारात तो एक फोन मी विसरले नाही."

मापारीणबाईंनी पिशवी उचलली. "पिंप्या, चहा संपव. आणि गाडी काढ."

तळघराच्या दारात वजनकाटा होता, गोदामात असतो तसा जमिनीलगत. शेजारी वही. आत जाणाऱ्या प्रत्येकाने काट्यावर उभं राहायचं आणि वेळ, वजन लिहून सही करायची. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसे तिथले लोक दारात वजन ठेवून आत जात. आत कुणी किती ओढलं याचा हिशेब पुढे यंत्राला द्यावा लागतो म्हणून.

पिंप्या उभा राहिला. अठ्ठ्याऐंशी.

"काटा जड आहे," पिंप्या म्हणाला.

मापारीणबाईंनी पिशवीतून शिक्क्याचं दोन किलोचं पितळी वजन काढून काट्यावर ठेवलं. दोन किलो. पुन्हा पिंप्यासोबत ठेवलं. नव्वद. "काटा सरळ आहे. तू जड आहेस," असं म्हणून त्यांनी वही चाळायला घेतली. सर कायम चौसष्ट. पानाकाका ऐंशी. संस्थेतली आकडेमोड बघणारी एक तरुणी होती, सगळे तिला आकडेवाली म्हणत. ती त्रेसष्ट. उपप्रमुख छप्पन.

उपप्रमुख स्वतःच त्यांना घेऊन आत गेले. बारीक, इस्त्रीतले, बोलायला गोड. काट्याची खोली लहान आणि गार होती, एका बाजूला यंत्राचं पोलादी पिंप, समोर भिंतीवर फोन. फोनखाली जमिनीवर पावलांची खूण रंगवलेली. तिथे उभं राहिलं की अंतर ठरलेलं, त्यामुळे वजन मोजता येतं. फोनची तार अजूनही थोडी ताणलेली दिसत होती. छतावरच्या कोपऱ्यात कॅमेरा होता आणि त्या खोलीत इतकी शांतता होती की पिंप्याला स्वतःचा श्वास मोठा वाटायला लागला.

"सरांच्या मृत्यूच्या दिवसाचा आलेख कागदावर आहे," उपप्रमुख म्हणाले. "पोलिसांनी त्याच संध्याकाळी मोहोर लावून ठेवला. ही त्याची नक्कल."

कागदावर एक सपाट रेघ चालत होती. चार वाजून आठ मिनिटांनी ती उचलली गेली. कुणीतरी फोनपाशी आलं होतं. बाजूला आकडा, बहात्तर किलो. पाच मिनिटांनी ती रेघ एकदम खाली आली. माणूस पडला की त्याचं अंतर बदलतं. त्यानंतर ती पुन्हा वर आली नाही.

त्या उंचवट्याशेजारी दुसरा एक होता. चार पाच ते चार अकरा.

"हा कुणाचा?"

"हा भिंतीपलीकडून आलाय. पंपघरातून." उपप्रमुखांनी खांदे उडवले. "ओढीला भिंत आड येत नाही. व्हॉल्व्हपाशी कुणी उभं राहिलं तर काट्याला कळतं. तिथेही जमिनीवर खूण आहे. आकडा त्रेसष्ट. पण मॅडम, या कागदावर विसंबू नका. सर चौसष्टचे, इथे दाखवतोय बहात्तर. आणि त्यात रोजचा तो चार दहाचा प्रकार. ज्या यंत्राला मेलेला माणूस दिसतो, त्याची साक्ष कोण धरणार? समितीलाही तेच पटलंय. माझ्या मते काटा बिघडलाय."

"पिंप्या, जा उभा राहा," मापारीणबाई म्हणाल्या.

"मी? तिथे? त्यांच्या जागेवर?"

"चार वाजायला अजून वेळ आहे. जा."

पिंप्या दोन्ही पावलं खुणेवर ठेवून डोळे मिटून उभा राहिला. मापारीणबाई आणि उपप्रमुख बाहेरच्या खोलीत आले, तिथल्या पडद्यावर आकडा आला. नव्याण्णव.

"हे बघा," उपप्रमुख म्हणाले. "बिघडलाय."

पिंप्याला मात्र भुतापेक्षा हे जास्त लागलं. "ताई, मी नव्याण्णव दिसतो का?"

"पलीकडे पंपघरात जाऊन उभा राहा."

तिथेही नव्याण्णव. मापारीणबाईंनी दोन्ही आकडे हाताच्या तळव्यावर पेनाने लिहिले. बाजारात वही भिजायची, तेव्हापासूनची ही सवय.

पानाकाका पंपघरात स्टुलावर बसले होते. पंपघराला मागचा वेगळा जिना होता. तिथे ना वजनकाटा, ना वही.

"त्या दिवशी काय झालं?"

"मोजणी चारला संपली. मी पंखा लावला, व्हॉल्व्ह पाव फेरा ठेवला, सरांना सांगितलं, आता जा. तेवढ्यात इथला, पंपघरातला फोन वाजला. 'गोदामात सामान आलंय, सही करायला या.' पंपांच्या घरघरीत आवाज ओळखू आला नाही. वर गेलो तर सामान नाही, कुणी फोन केलेला नाही. परत आलो तर..." त्यांनी खिशातला पाना काढून मांडीवर ठेवला. "समिती म्हणते, फोनची गोष्ट रचलेली आहे. बाई, मी या हातांनी सत्तावीस वर्षांत—"

"सव्वीस," पिंप्या म्हणाला.

"पुढच्या महिन्यात सत्तावीस झाली असती."

"हवेतला प्राणवायू कमी झाला की वाजणारा भोंगा असतो ना?"

पानाकाका ओशाळले. "त्याची बॅटरी वर्षापूर्वीच काढलीय. त्याच्या चाचणीची पिपाणी आलेखात उमटायची. पंखासुद्धा मोजणीत बंद ठेवतो, तो थरथरतो. इथे सगळ्यांना यंत्राचा जीव आधी आणि आपला नंतर. हे सगळ्यांना माहीत होतं, पण आता सगळे विसरलेत."

"पाकीट म्हणजे काय भानगड आहे?"

"ते आकडेवालीला विचारा. मला एवढंच कळतं की ते संचालकांच्या तिजोरीत आहे."

आकडेवाली वर आपल्या टेबलापाशी बसली होती. तिने आधी दार लावलं.

"पाकिटात सरांचा गुपित आकडा आहे," ती म्हणाली. "आपल्याला हवं तेच उत्तर काढायचा मोह प्रत्येकाला होतो. दोन आकडे नकळत वगळले की झालं. म्हणून सरांनी या मोजणीत एका गुपित आकड्याने सगळं बदलून ठेवलं. तो किती, हे आम्हाला कुणालाच माहीत नाही. सगळं काम संपल्यावर पाकीट उघडायचं, आकडा काढून टाकायचा, जे उत्तर येईल ते सगळ्यांनी मान्य करायचं. हा आकडा बहुधा शेवटच्या गणितात घालतात. अगदी बारीक असतो. सरांनी कुठे घातला, ते बोलले नाहीत. मोजणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी खाली जाऊन यंत्राच्या डब्याला कुलूप लावून आले, एवढंच मला आठवतं."

"मागच्या मोजणीला पाकीट होतं?"

"नव्हतं. त्या मोजणीचे आलेख साफ करायचं काम उपप्रमुखांकडे होतं. अकरा दिवस 'गोंगाट' म्हणून काढले गेले. मी सरांना विचारलं होतं, गोंगाट नेमका नको असलेल्या बाजूलाच कसा होतो." तिने मान खाली घातली. "त्या मोजणीवरच उपप्रमुखांना पुढच्या महिन्यात प्रमुखपद मिळणार होतं. मॅडम, व्हॉल्व्हपाशी त्रेसष्ट आलंय ना? मी त्रेसष्टची आहे. मी तिथे गेले नव्हते. पण त्या वेळी इथे एकटीच होते."

बाहेर आल्यावर पिंप्या कुजबुजला, "ताई, हिनेच केलंय. आकडा तंतोतंत."

"तंतोतंत आकड्याला दुकानदार भुलतो," मापारीणबाई म्हणाल्या, "निरीक्षक नाही. सरांच्या मृत्यूनंतर काट्याचे आलेख जमतात त्या संगणकाची किल्ली कुणाकडे असते, ते विचारून ये."

पिंप्या विचारून आला. उपप्रमुखांकडे.

चार वाजता सरांच्या पत्नी बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीत बसल्या. आतली खोली रिकामी करून दाराला कुलूप घातलं होतं. एका पडद्यावर कॅमेऱ्यातली खोली, दुसऱ्यावर काट्याची रेघ. पानाकाका दारात उभे राहिले, पण आत आले नाहीत.

चार वाजून दहा मिनिटं झाली.

रेघ उचलली गेली. हळूच, जसा एखादा माणूस सवयीच्या वाटेने येतो तशी. खोलीत कुणीच नव्हतं. फोन होता, रंगवलेली पावलं होती, आणि काटा म्हणत होता की त्या पावलांवर कुणीतरी उभं आहे. चौसष्ट किलो. पिंप्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याने बहिणीच्या पदराचं टोक धरलं आणि तिने ते सोडवलं नाही.

सातव्या मिनिटाला रेघ खाली दबली. थोडा वेळ तशीच राहिली, मग सावकाश वर आली.

"रोज सातव्या मिनिटाला असंच होतं," बाई हलकेच म्हणाल्या. "जणू कुणी वाकतंय."

"रोज? एवढंच?"

"एवढंच. मी मोजलंय. नऊ दिवसांत फरक नाही."

अकराव्या मिनिटाला रेघ सपाट झाली. कुणीतरी गेलं होतं. बाईंनी पदराने डोळे टिपले आणि रिकाम्या खोलीकडे बघत राहिल्या.

मापारीणबाई उठून आकडेवालीपाशी गेल्या. "मोजणी सुरू व्हायच्या आधीचे, मागच्या वर्ष-दीड वर्षाचे आलेख आहेत?"

"सगळे आहेत."

"सर रोज फोनला यायचे. त्या सगळ्या फोनांमध्ये सातव्या मिनिटाला असा खड्डा असलेला फोन शोध. हुबेहूब असा. पाचच्या आत."

समितीच्या खोलीत संचालक होते, बाहेरून आलेले दोन सदस्य होते, आणि भिंतीलगत एक पोलीस अधिकारी बसला होता. उपप्रमुख टेबलाच्या कडेला होते, आकडेवाली कागद घेऊन खिडकीपाशी. पानाकाका उभे होते. त्यांना बसायला कुणी सांगितलं नव्हतं. मापारीणबाईंनी स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि मग बोलायला लागल्या.

"तिजोरीतलं पाकीट आणा. पण उघडायच्या आधी ही चिठ्ठी घ्या. यावर मी एक आकडा लिहिलाय. आधी माझं ऐका, मग दोन्ही उघडा."

संचालकांनी चिठ्ठी पेपरवेटखाली ठेवली.

"मी तीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासले. बिघडलेला काटा आणि खोटा काटा यांत फरक असतो. बिघडलेला कधी जास्त दाखवतो, कधी कमी. खोटा काटा सगळ्यांशी सारखाच खोटा वागतो. माझा भाऊ दारातल्या काट्यावर अठ्ठ्याऐंशी भरला आणि तो काटा मी शिक्क्याच्या वजनाने तपासला. आत तो नव्याण्णव भरला, फोनपाशीही आणि भिंतीपलीकडेही. अठ्ठ्याऐंशीचे नव्याण्णव. म्हणजे आठाचे नऊ. आता सर घ्या. वहीत चौसष्ट, मृत्यूच्या दिवशी आलेखावर बहात्तर. तेही आठाचे नऊ. काटा बिघडलेला नाही. त्याला कुणीतरी मुद्दाम असं बोलायला सांगितलंय. मोजणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी यंत्राच्या डब्याला कुलूप सरांनी लावलं. पाकीट उघडा."

संचालकांनी मोहोर फोडली. आधी पाकिटातला कागद वाचला, मग चिठ्ठी. दोन्ही त्यांनी शेजारच्या सदस्याला दिले. "एक पूर्णांक एक अष्टमांश," सदस्य म्हणाला. "दोन्हीकडे."

"हे शक्य नाही," उपप्रमुख म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा वर गेला. "गुपित आकडा शेवटच्या गणितात घालतात. तोही बारीक. काट्याच्या तोंडात एवढा मोठा आकडा कुणी घालत नाही. ही पद्धतच नाही."

"तुम्ही तेच धरून चाललात," मापारीणबाई म्हणाल्या. "सरांना कात्रीची कुणकुण लागली होती. शेवटी घातलेला आकडा कात्रीवाल्याला पकडत नाही, त्याआधीचे खरे आकडे त्याला दिसतच असतात. म्हणून त्यांनी तो अगदी सुरुवातीला घातला, आणि ठसठशीत घातला. त्या वीस दिवसांपासून आजपर्यंत या काट्यापुढे जो कुणी उभा राहील, तो आठाचा नऊ दिसणार. खरा माणूस इथे चुकीचा दिसतो. मग मला एक सांगा. रोज चार दहाला येणारे सर बरोबर चौसष्ट कसे भरतात?"

पिंप्याचं तोंड उघडं होतं, ते त्याने मिटलं.

"भूत असतं, तर तेही बहात्तर भरलं असतं," मापारीणबाई म्हणाल्या. "चौसष्ट आलं, कारण ते काट्यातून आलेलंच नाही. ते संगणकात चिकटवलेलं आहे. गुपित आकडा बसायच्या आधीचा, सरांच्या रोजच्या फोनचा एक जुना तुकडा. रोज तोच, केसभर फरक नाही. आकडेवाली, दाखव."

आकडेवालीने दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. दोन रेघांची एकच रेघ दिसत होती.

"पण कशासाठी?" संचालकांनी विचारलं. "भुताची थट्टा करून कुणाला काय मिळणार?"

"काट्याला वेडं ठरवता येणार. मृत्यूच्या दिवसाचा कागद मोहोर लावून पोलिसांत गेला होता. तो पुसता येईना. त्यावर व्हॉल्व्हपाशी सहा मिनिटं उभा असलेला माणूस होता. ज्या यंत्राला मेलेला माणूस दिसतो त्याची साक्ष कोण धरणार, हे वाक्य आज दुपारी मी ऐकलंय, उपप्रमुख साहेब. फार चपखल आहे. नऊ दिवस घोकलेलं असावं."

उपप्रमुखांनी चष्मा काढून पुसला. "व्हॉल्व्हपाशी त्रेसष्ट आहे. त्रेसष्ट कोण आहे, वहीत बघा."

"बघितलं. ही पोरगी तिथे उभी राहिली असती तर एकाहत्तरच्या आसपास दिसली असती. पानाकाका नव्वद दिसले असते. त्रेसष्ट दिसला, म्हणजे खरा माणूस छप्पनचा. नवाचे आठ करा."

संचालकांनी वही पुढे ओढली. त्यांना फार पानं उलटावी लागली नाहीत.

"छप्पन किलोची माणसं गावात हजारो असतील," उपप्रमुख म्हणाले.

"असतील. पण तुमच्या वहीत एकच आहे. मागच्या मोजणीतले अकरा दिवस कापणारा एकच आहे. सरांच्या मृत्यूपासून संगणकाची किल्ली बाळगणाराही एकच. गोदामाच्या नावाने पंपघरात फोन कुठल्या टेबलावरून गेला, ते हे अधिकारी शोधतील. पाकीट त्याच संध्याकाळी उघडणार होतं आणि कात्री उघडी पडणार होती. तुम्ही पंखा बंद केलात, व्हॉल्व्ह उघडलात आणि खुणेवर उभं राहून वाट बघितलीत. सवय असते ना, तिथे गेलं की खुणेवरच उभं राहायचं. पलीकडे माणूस बायकोशी बोलत होता."

पोलीस अधिकारी उठून उभा राहिला. उपप्रमुख काही वेळ त्या दोन कागदांकडे बघत होते. "सव्वा वर्षाचे आलेख होते," ते म्हणाले. "मी त्यातला सर्वांत चांगला निवडला. त्यात हालचाल होती. जिवंत वाटायचा."

मग ते अधिकाऱ्याबरोबर निघाले. पानाकाका खुर्चीत बसले होते. त्यांनी पाना काढला, हातात फिरवला आणि परत खिशात ठेवला.

सरांच्या पत्नी खाली बाहेरच्या खोलीतच थांबल्या होत्या. मापारीणबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि सगळं सांगितलं.

"मग हे नव्हतेच," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. "नऊ दिवस मी एका चिकटवलेल्या रेघेपुढे बसले."

"ते नव्हते असं मी म्हणत नाही. ते हेच होते. फक्त मागच्या वर्षीचे. एका खऱ्या दुपारचे."

"कुठल्या?"

मापारीणबाईंनी आकडेवालीचा कागद उलटा करून तारीख वाचली. "नऊ मार्च."

बाईंनी कागद हातात घेतला. बराच वेळ त्या तारखेवर बोट ठेवून होत्या. "त्या दिवशी माझा रिपोर्ट आला होता," त्या म्हणाल्या. "आधी मला बोलताच येईना. पाच-सहा मिनिटं नुसती रडत होते. मग सांगितलं, साधी गाठ आहे. आणि हे..."

त्यांचं बोट रेघेवरून सरकत सातव्या मिनिटावर आलं, जिथे ती खाली गेली होती.

"उभा माणूस जमिनीवर बसला की अशी दिसते," मापारीणबाई म्हणाल्या. "मी आकडेवालीला विचारून घेतलं. ते दोन मिनिटं खाली बसून होते."

"पाय गळाले असतील."

"हो."

"मला म्हणाले, बल्ब आणतो." बाईंचा आवाज फुटला. "खाली बसून म्हणाले."

पिंप्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला रडताना कुणी बघितलेलं चालत नाही, अगदी बहिणीनेही.

थोड्या वेळाने बाईंनी पानाकाकांना आतलं दार उघडायला सांगितलं. पानाकाकांनी आधी पंखा लावला, व्हॉल्व्ह दोनदा तपासला आणि मग कुलूप काढलं. बाई दारातल्या काट्यावर उभ्या राहिल्या, वहीत वजन लिहिलं, सही केली. आत जाऊन त्या फोनखालच्या पावलांवर उभ्या राहिल्या. मग भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या.

बाहेर पडद्यावर रेघ उचलली गेली, आणि खाली दबली.

"ताई, आकडा लिहू का?" पिंप्याने विचारलं.

"नको," मापारीणबाई म्हणाल्या. "बसू दे त्यांना."